नाशिकच्या काळ्या मातीत मेटल डिटेक्टर उगाच का वाजतो? ग्राउंड बॅलन्स सेटिंग सोप्या भाषेत

शेतात काम करताना अंगठी पडली. पाइपलाइनचा जुना व्हॉल्व्ह मातीखाली गेला आणि आता जागा सापडत नाही. किंवा यूट्यूबवर व्हिडिओ बघून एखाद्याने हौसेने मेटल डिटेक्टर ऑनलाइन मागवला. कारण काहीही असो, नाशिक परिसरात डिटेक्टर पहिल्यांदा चालू केला की अनुभव बहुतेक सारखाच येतो. मशीन हवेत धरलं तर गप्प, जमिनीजवळ नेलं की वाजायला लागतं. इथे वाजतं, तिथे वाजतं, पाऊलभर पुढे गेलं की पुन्हा वाजतं. खणून बघावं तर हाताला फक्त माती आणि दगड लागतात.

मग दोनच निष्कर्ष निघतात. एक तर "मशीन डुप्लिकेट निघालं", नाहीतर "खाली नक्की काहीतरी मोठं आहे". दोन्ही बहुतेक वेळा चुकीचे असतात. मशीन बरोबर असतं आणि खाली खजिनाही नसतो. वाजत असते ती आपली जमीनच! तो आवाज बाजूला काढण्याच्या सेटिंगला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. ते काय असतं, कसं सेट करायचं आणि ते समजून घेतल्याने फसवणूक कशी टळते, हे आज बघू.

डिटेक्टर नेमकं काय करतो?

डिटेक्टरच्या खालच्या गोल चकतीला सर्च कॉइल म्हणतात. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत पाठवतं. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक व्हीएलएफ प्रकारच्या मशीनमध्ये हे क्षेत्र सेकंदाला साधारण ५ ते २० हजार वेळा दिशा बदलतं. या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्या आत छोटे गोल विद्युतप्रवाह फिरू लागतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं एक चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते दुसऱ्या वेटोळ्याला जाणवतं.

मशीन यातल्या दोन गोष्टी बघतं. पहिली, परत आलेला सिग्नल किती मोठा आहे. दुसरी, पाठवलेल्या सिग्नलच्या तुलनेत तो किती मागे पडलाय. या मागे पडण्याला फेज म्हणतात. तांबं, चांदी, ॲल्युमिनियम, लोखंड यांची फेज वेगवेगळी असते. "खाली लोखंड आहे की दुसरा धातू" असा अंदाज मशीन त्यावरूनच बांधतं.

अडचण अशी की परत येणारा सिग्नल फक्त धातूकडूनच येतो असं नाही. मातीही सिग्नल देते.

नाशिकची जमीन एवढी का बोलते?

नाशिक जिल्हा दख्खनच्या पठारावर आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले आणि गोठले. तोच आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणी ज्या डोंगरात कोरली आहेत तो डोंगर, सगळं याच खडकाचं. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाईट आणि त्याच्या जवळची लोहखनिजं बारीक कणांच्या रूपात असतात. खडक झिजून काळी माती झाली, तरी हे कण मातीत राहतातच.

खरं वाटत नसेल तर घरच्या घरी प्रयोग करा. जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि नदीकाठच्या कोरड्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळे बारीक कण चिकटलेले दिसतील. हेच कण डिटेक्टरला त्रास देतात.

या कणांची चुंबकीय "स्मरणशक्ती" शास्त्रज्ञांच्या मात्र खूप उपयोगी पडली आहे. लाव्हा गोठताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा खडकात कोरली जाते. १९५० च्या दशकात दख्खनच्या बेसाल्टमधल्या या खुणा मोजल्या गेल्या, आणि भारत एकेकाळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता याला भक्कम आधार मिळाला.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. माती तापली, भाजली की तिचा चुंबकीय गुण साधारणपणे वाढतो. त्यामुळे वीटभट्टीची जागा, जुन्या चुलीची जागा, फुटक्या विटा किंवा कौलांचा ढीग असेल तिथे मशीन आजूबाजूपेक्षा वेगळं वागू शकतं. धातू नसतानाही!

ग्राउंड बॅलन्स म्हणजे काय? एक पेन्सिल हातात घ्या

बाजारात टोमॅटो क्रेटसकट काट्यावर ठेवले की रिकाम्या क्रेटचं वजन वजा करावं लागतं. ग्राउंड बॅलन्सची मूळ कल्पना अशीच आहे: मातीचा हिस्सा वजा करा, उरेल तो धातू. पण एक फरक आहे. क्रेटचं वजन ठरलेलं असतं. मातीचा सिग्नल मात्र कॉइल दोन बोटं वर-खाली झाली तरी कमी-जास्त होतो. मग ठरावीक आकडा वजा कसा करायचा?

इथे पेन्सिल कामाला येते. पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरा, तिची पूर्ण लांबी दिसेल. आता ती फिरवून टोक बरोबर डोळ्याकडे करा. फक्त एक ठिपका दिसेल. पेन्सिल लांब असो की आखूड, टोकाकडून बघितलं की ठिपकाच.

मातीचा सिग्नल या पेन्सिलसारखा आहे. कॉइल जवळ नेली की तो "लांब" होतो, दूर नेली की "आखूड". पण एका जागेच्या मातीसाठी त्याची दिशा, म्हणजे फेज, जवळपास तीच राहते. ग्राउंड बॅलन्स करताना आपण मशीनला बरोबर त्या दिशेने बघायला लावतो. मग कॉइल कितीही वर-खाली झाली तरी माती ठिपक्यासारखीच दिसते, म्हणजे गप्प राहते. नाण्याची पेन्सिल वेगळ्या कोनात असते, त्यामुळे ती दिसते आणि मशीन वाजतं.

म्हणजे ग्राउंड बॅलन्स मशीनची ताकद वाढवत नाही. ते फक्त बघण्याचा कोन बदलतं.

बऱ्याच मशीनवर हा कोन ० ते ९९ च्या आसपासच्या आकड्यात दिसतो. साधारणपणे मोठा आकडा म्हणजे लोहखनिजं वरचढ असलेली जमीन आणि लहान आकडा म्हणजे क्षारांमुळे वीज वाहून नेणारी जमीन. पण प्रत्येक कंपनीचं मोजमाप वेगळं असतं. मित्राच्या मशीनचा आकडा आपल्या मशीनमध्ये टाकून उपयोग नाही.

तीन प्रकार: कोणता वापरायचा?

• ऑटो: बटण दाबून कॉइल वर-खाली करायची, मशीन स्वतः आकडा पकडतं. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

• मॅन्युअल: आवाज ऐकत आकडा आपण ठरवायचा. वेळ लागतो, पण बॅलन्स म्हणजे काय हे यातच खरं कळतं.

• ट्रॅकिंग: चालता चालता मशीन आकडा बदलत राहतं. माती पावलापावलावर बदलत असेल तर सोयीचं. पण संशयास्पद जागेवर कॉइल पुन्हा पुन्हा फिरवत बसलात, तर काही मशीन त्या वस्तूलाच "माती" समजू लागतात आणि सिग्नल हळूहळू पुसट होतो. त्यामुळे सिग्नल तपासताना ट्रॅकिंग बंद ठेवलेलं बरं.

काही स्वस्त मशीनमध्ये यातलं काहीच नसतं, बॅलन्स कारखान्यातच पक्का केलेला असतो. बेसाल्टच्या जमिनीत अशा मशीनची सेन्सिटिव्हिटी कमी करूनच काम भागवावं लागतं. विकत घेणार असाल तर स्पेसिफिकेशनमध्ये "ग्राउंड बॅलन्स" हा शब्द आधी शोधा.

सेटिंग कसं करायचं? स्टेप बाय स्टेप

१. आधी धातू नसलेली जागा शोधा. सगळे धातू दाखवणारा ऑल मेटल मोड लावा आणि दोन-तीन फुटांची जागा नीट फिरवून बघा. ठळक, एकाच बिंदूवर येणारा आवाज आला तर जागा बदला. द्राक्षबागेत ओळीच्या मधोमध उभं राहून हे करू नका. मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा सगळं बिघडवतात. बांधाकडच्या मोकळ्या जागेत या.

२. स्वतःकडे बघा. खिशातला मोबाईल, हातातलं कडं, लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज कॉइलपासून लांब ठेवा. खोरं-कुदळ दहा पावलं दूर.

३. सेन्सिटिव्हिटी मध्यावर आणा. पहिल्याच दिवशी ती फुल करण्याचा मोह टाळा.

४. कॉइल जमिनीला समांतर धरा. साधारण वीतभर उंचीवरून दोन बोटांवर आणा आणि पुन्हा वर न्या. जमिनीला टेकवू नका. ही हालचाल एका लयीत करा, पंप मारल्यासारखी.

५. ऑटो असेल तर हे करताना ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून धरा. वर-खाली करताना येणारा आवाज मंदावला, आकडा स्थिर झाला की बटण सोडा.

६. मॅन्युअल असेल तर कान लावून ऐका. कॉइल खाली नेताना आवाज वाढतोय की वर नेताना? आकडा एका बाजूला थोडा सरकवून बघा. फरक वाढला तर उलट्या बाजूला या. खाली-वर दोन्हीकडे आवाज सारखा झाला की बॅलन्स जमला.

७. खात्री करा. तांब्याच्या तारेचं एक वेटोळं करा, चार बोटं खोल पुरा आणि त्यावरून कॉइल फिरवा. ते वाजलं आणि बाजूची माती गप्प राहिली, तर तुम्ही तयार आहात.

बॅलन्स एकदा करून दिवसभर चालत नाही. काळ्या रानातून मुरमाड जमिनीवर आलात, नांगरटीतून पडीक जागेत गेलात, पाऊस पडून गेला, की पुन्हा करा. उन्हाळ्यात काळ्या मातीला मोठ्या भेगा पडतात, तेव्हा भेगेवरून कॉइल जातानाही आवाज येऊ शकतो. कारण तिथे माती नाही, पोकळी आहे, आणि मशीनला तो अचानक बदल जाणवतो.

आवाज कशाचा, हे कसं ओळखायचं?

• कॉइल कमरेच्या उंचीवर हवेत स्थिर धरा. तरीही मशीन तडतडत असेल तर तो विजेचा त्रास आहे. वरून जाणारी लाइन, पंपाचा स्टार्टर किंवा तुमचा स्वतःचा मोबाईल. ग्राउंड बॅलन्सने हा आवाज जात नाही. जागा बदला किंवा मशीनची फ्रिक्वेन्सी थोडी सरकवा.

• हवेत गप्प, पण जमिनीजवळ वर-खाली करताना वाजतं आणि सगळीकडे जवळपास सारखंच वाजतं? मग ती जमीन आहे. पुन्हा बॅलन्स करा.

• एकाच जागी वाजतं, पण वरचा दगड बाजूला केला की थांबतं? दगड उचलून कॉइलसमोर हलवा. आवाज दगडातूनच येत असेल तर तो "हॉट रॉक", म्हणजे आजूबाजूच्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय असलेला दगड.

• एकाच बिंदूवर, पुन्हा पुन्हा, आणि तुम्ही ९० अंशात वळून दुसऱ्या बाजूने कॉइल फिरवली तरी तिथेच वाजतं? आता धातू असण्याची शक्यता चांगली आहे.

मोबाईलच्या "मेटल डिटेक्टर" ॲपचं काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. ॲप खोटं नसतं, पण ते वेगळंच काम करतं. मोबाईलमध्ये होकायंत्रासाठी मॅग्नेटोमीटर सेन्सर असतो. तो जमिनीत काही पाठवत नाही, फक्त आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र मोजतो. आपल्या भागात पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४३ मायक्रोटेस्ला आहे. लोखंडी कात्री जवळ आणली की आकडा बदलतो. सोन्याची अंगठी आणली तर काहीच होत नाही, कारण सोनं, चांदी, तांबं यांना चुंबक ओढत नाही. हरवलेली सोन्याची अंगठी ॲपने सापडणार नाही. भिंतीतला खिळा मात्र सापडू शकतो.

गंमत म्हणजे ग्राउंड बॅलन्ससारखं काम तुम्ही मोबाईलवर आधीच केलंय. मॅप उघडल्यावर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवायला सांगतात ना? फोनच्या स्पीकरमधल्या चुंबकाचं स्वतःचं क्षेत्र सेन्सरला सतत जाणवत असतं. फोन सगळ्या दिशांना फिरवला की कायम तसाच राहणारा हा हिस्सा कोणता ते सॉफ्टवेअरला कळतं आणि ते तो वजा करतं. आधी पार्श्वभूमी ओळखायची, मगच सिग्नलवर विश्वास ठेवायचा.

हाच धडा आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी गिरवला गेलाय. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार होती. म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला हलवली गेली. तिथली इमारतही चुंबकीय बेसाल्टऐवजी पोरबंदरच्या दगडात बांधली.

गुप्तधनवाल्यांचं मशीन

आता खरी महत्त्वाची गोष्ट. "तुमच्या शेतात धन आहे, मशीन लावून दाखवतो" असं सांगणारे लोक गावोगाव भेटतात. बॅलन्स न केलेलं मशीन बेसाल्टच्या जमिनीवर हवं तिथे वाजवता येतं. कॉइल थोडी खाली दाबली की आवाज, वर उचलली की शांतता. बघणाऱ्याला वाटतं, खाली हंडा आहे! मग खोदकामाचा खर्च, पूजेचा खर्च, आगाऊ रक्कम.

असं कुणी आलं तर तीन गोष्टी करायला सांगा. तुमच्यासमोर ग्राउंड बॅलन्स करायचा. तुम्ही पुरलेली आणि फक्त तुम्हालाच जागा माहीत असलेली वस्तू शोधून दाखवायची. आणि "धन" असलेल्या जागेपासून शंभर पावलांवरच्या साध्या जमिनीवर तेच मशीन, तसंच फिरवायचं. तिथेही वाजलं तर उत्तर मिळालं.

खोलीचे दावेही तपासा. कॉइलच्या आकाराच्या तुलनेत वस्तू लांब असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर परत येणारा सिग्नल सुमारे ६४ पट कमी होतो, कारण तो जातानाही क्षीण होतो आणि येतानाही. नाण्याएवढी वस्तू साध्या मशीनला वीतभर, फार तर फूटभर खोलीवर कळते. आपल्या जमिनीत त्याहूनही कमी. "दहा फुटांवरचं सोन्याचं नाणं दाखवतं" ही जाहिरात वाचली की हा ६४ चा आकडा आठवा.

धनासाठी अघोरी प्रकार करणं हा तर २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. विषय तिथपर्यंत गेला तर थेट पोलिसांकडे जा.

आणि खरंच काही सापडलं तर?

नाशिक परिसरात जुनी नाणी सापडतात, हे खरं आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभी इथे क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कोणी कोणाला हरवलं, हा इतिहास त्या ठशांतून पक्का झाला. तोही कशामुळे? एवढा मोठा साठा एकत्र अभ्यासता आला म्हणून. चार-चार नाणी गुपचूप विकली गेली असती तर ही गोष्ट आपल्याला कळलीच नसती.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात:

• इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, १८७८ नुसार जमिनीत लपलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

• पांडवलेण्यांसारख्या संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीशिवाय खोदता येत नाही. तिथे डिटेक्टर घेऊन जाऊच नका.

• दुसऱ्याच्या शेतात जाण्याआधी मालकाची परवानगी घ्या.

वस्तू सापडलीच तर तिथेच थांबा. घासू नका, धुऊ नका. जागेवर फोटो काढा, मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा आणि कळवा.

नेहमीचे प्रश्न

*कुंभमेळ्यात किंवा मॉलमध्ये अंगावरून फिरवतात त्या मशीनला ग्राउंड बॅलन्स लागतो का?*
नाही. ते हवेत, माणसाच्या अंगाजवळ काम करतं. मध्ये माती येत नाही. म्हणूनच ते मशीन शेतात फारसं कामाचं नाही.

*समुद्रकिनाऱ्यावर हेच सेटिंग चालेल?*
नाही. ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहते, त्यामुळे तिच्या सिग्नलचा कोन काळ्या मातीपेक्षा अगदी वेगळा असतो. तिथे नव्याने बॅलन्स करा. मशीनमध्ये बीच मोड असेल तर तो लावा.

*बॅलन्स केल्यावरही मशीन अधूनमधून वाजतं. चालेल?*
चालेल. सेन्सिटिव्हिटी एक-दोन घरं कमी करा आणि कॉइल जमिनीपासून बोटभर वर ठेवून फिरवा. थोडी खोली कमी होईल, पण ऐकू येणाऱ्या आवाजावर विश्वास ठेवता येईल.

थोडक्यात, डिटेक्टर हातात आला की पहिली पाच मिनिटं धातूला नाही, जमिनीला द्या. आपली जमीन कशी बोलते हे मशीनला एकदा कळलं, की कोणत्या आवाजासाठी कुदळ उचलायची हे तुम्हाला कळेल.